"पास दे!" असं ओरडण्यापूर्वी

मुलांचा फुटबॉल जगात कुठेही चालू असो, मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या आई-बापांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "अरे, पास दे!" भाषा बदलते, वाक्य तेच. इथले जपानी बाबा "पासु! पासु!" करतात, आमचे मराठी बाबा "दे की त्याला!" म्हणून घसा फोडतात. आणि ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा चाललेला असतो तो सात-आठ वर्षांचा गडी मान खाली घालून, चेंडू पायाशी धरून, समोरच्या घोळक्यात सरळ घुसतो. चेंडू जातो. मग कडेला निकाल लागतो: कार्टं स्वार्थी आहे, कोणाला देतच नाही.

माझं मत साफ वेगळं आहे. शंभरातली नव्वद मुलं पास देत नाहीत ती स्वार्थी असतात म्हणून नव्हे. पास द्यायला कोणी मोकळा आहे हे त्यांना दिसलेलंच नसतं. मान खाली आहे, चेंडू पायाला नीट चिकटत नाही, समोरून तीन जण धावून येताहेत, त्यात कडेने बाबा ओरडताहेत. अशा वेळी तुम्ही-आम्ही तरी काय पाहिलं असतं? ओरडण्याने आज्ञा पोचते, दृष्टी पोचत नाही. पास शिकवायचा असेल तर मुलाला पास द्यायला सांगून भागत नाही. पास द्यावासा वाटेल, नव्हे, दिल्यावाचून सुटका नाही असं वाटेल, असा खेळ त्याच्यापुढे मांडावा लागतो. असा खेळ लहान जागेत, लहान संघांतच मांडता येतो. आजचा लेख एवढ्याच एका मुद्द्यावर आहे.

आधी जागेची ओळख. आम्ही राहतो हिगाशी-कसाईला. नावावर जाऊ नका मंडळी, खाटकाशी काही संबंध नाही. हिगाशी म्हणजे पूर्व, म्हणजे हे आमचं 'कसाई पूर्व', डोंबिवली पूर्व असते ना, तसंच. तोक्योच्या पूर्व टोकाला एदोगावा वॉर्डात तोझाई लाईनवर कसाई स्टेशन आहे, त्याच्या उड्डाणमार्गाखाली भुयारी रेल्वेचं छान संग्रहालय आहे, आणि तसंच पूर्वेला चालत गेलं की जुनी एदो नदी लागते. पलीकडे चिबा प्रांत सुरू. तोक्योच्या वॉर्डांत सर्वांत जास्त भारतीय याच एदोगावात राहतात. बहुसंख्य पलीकडच्या निशी-कसाईत, म्हणजे 'कसाई पश्चिम'ला, पण घरभाडं, शाळा, कचेरी यांचं गणित करून काही मंडळी आमच्या बाजूलाही येऊन पडली आहेत. त्यांची मुलं आहेत, मुलांना रविवार असतो, आणि रविवारी मुलांना घरात डांबून ठेवणं दोन खोल्यांच्या जपानी घरात कोणालाच परवडत नाही.

आता अडचण अशी, की इथल्या बऱ्याच बागांमध्ये 'चेंडू खेळू नये' अशी पाटी असते. मैदानं आहेत, पण त्यांचं आरक्षण, सोडत, नियम. त्यामुळे आमच्या वाट्याला एका पटांगणाचा जेमतेम अर्धा भाग येतो आणि तोही तासाभरासाठी. मुलं सोळा, वयं सात ते दहा. मराठी, तामिळ, तेलुगू आणि काही जपानी. शिकवणारे आम्ही तीन बाप. त्यातला एक जपानी शेजारी शाळा-कॉलेजात क्लबकडून रीतसर खेळलेला, बाकी आम्ही दोघे उत्साही. जागा अपुरी म्हणून सुरुवातीला सगळ्यांनीच नाकं मुरडली. मला मात्र ती जागा हेच आमचं भांडवल वाटतं, आणि त्याचं कारण साध्या अंकगणितात आहे.

मोठं मैदान १०५ मीटर लांब, ६८ मीटर रुंद. क्षेत्रफळ ७१४० चौरस मीटर, खेळाडू २२. म्हणजे दरडोई सुमारे ३२५ चौरस मीटर. जपानातल्या बारा वर्षांखालच्या मुलांचा खेळ आठ-आठ जणांचा असतो, मैदान ६८ बाय ५०. तिथे दरडोई २१२ चौरस मीटर. आणि आम्ही चार विरुद्ध चार खेळवतो ते साधारण ३० बाय २० मध्ये, म्हणजे दरडोई ७५. जागा कमी, म्हणजे समोरचा लवकर अंगावर येणार, म्हणजे विचार लवकर करावा लागणार. हे झालं जागेचं.

वेळेचं गणित याहून बोलकं आहे. तासभर खेळ, चेंडू एक, मुलं बावीस. चेंडू सतत कोणाच्या ना कोणाच्या पायाशी आहे आणि सगळ्यांना अगदी समान वाटला जातो असं धरलं, तरी एकेकाच्या वाट्याला येतात पावणेतीन मिनिटं. प्रत्यक्षात दोन दांडगी मुलं निम्मा वेळ खातात, आणि कडेला उभ्या असलेल्या बारक्याला काय मिळतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. तोच तास चार विरुद्ध चारमध्ये घालवा: आठ मुलं, एक चेंडू, दरडोई साडेसात मिनिटं. सोळा मुलं असतील तर दोन चेंडू आणि दोन सामने. कोणाच्या अंगात प्रतिभा किती हा प्रश्न नंतरचा. आधी चेंडू पायाला लागायला तर हवा!

तिसरं गणित जोड्यांचं. अकरा जणांच्या संघात पास देण्या-घेण्याच्या ५५ जोड्या होतात. चौघांत सहा. तिघांत फक्त तीन. सात वर्षांच्या डोक्याला ५५ शक्यता झेपत नाहीत, तीन झेपतात. आमच्या संशोधनाच्या धंद्यात एखादी रचना हवी तशी वागावी म्हणून तिच्या प्रत्येक कणाला आम्ही हुकूम सोडत नाही. सीमा आणि अटी ठरवतो, बाकीचं ती रचना आपसूक करते. मुलांचा सराव याच जातीचा आहे. चौकोन केवढा, मुलं किती, गोल कुठे, हे ठरवणं आपलं काम. पास ते देतील.

आता प्रत्यक्ष खेळाकडे येऊ. युरोपात ज्याला 'रोंदो' म्हणतात त्याला जपानी मुलं 'तोरीकागो' म्हणतात. तोरीकागो म्हणजे पक्ष्याचा पिंजरा. बाहेर काही जण चेंडू फिरवतात, मधला पकडायला धावतो. आपल्याकडे अशा वेळी मधल्यावर 'राज्य' असतं. इथे तो 'ओनी', म्हणजे राक्षस. ज्याची सगळे मिळून दमछाक करतात त्याला आपण राजा केलं आणि यांनी राक्षस! असो. हा तोरीकागो बहुतेक ठिकाणी अंग गरम करायचा खेळ म्हणून पाच मिनिटं खेळून सोडून देतात. खरं तर पास आणि ताबा यांचं सगळं व्याकरण त्यात आहे, फक्त तो नीट मांडायला हवा.

आम्ही तो असा मांडतो. मोठ्यांच्या आठ पावलांचा चौकोन, चार कोपऱ्यांत चार शंकू. बाहेर तीन मुलं, आत एक. नीट पाहा: कोपरे चार, मुलं तीन, म्हणजे एक कोपरा कायम रिकामा. सगळी गंमत या रिकाम्या कोपऱ्यात आहे. समजा चेंडू पहिल्या कोपऱ्यात आहे. आतला मुलगा धावून समोर आला की त्याने समोरासमोरचा तिरका रस्ता बंद केला. म्हणून बाकीच्या दोघांनी पहिल्याच्या शेजारच्या दोन कोपऱ्यांत असायला हवं, एक डावीकडे, एक उजवीकडे. आता पहिल्याने उजवीकडच्याला पास दिला. त्या उजवीकडच्याला एका बाजूला पहिला आहे, पण दुसऱ्या बाजूचा कोपरा रिकामा आहे. तिथे जाणार कोण? जो आत्तापर्यंत डावीकडे उभा होता तो. म्हणजे ज्याने पास दिला तो नाही, ज्याला मिळाला तोही नाही. ज्याचा या व्यवहाराशी काहीच संबंध नव्हता त्या तिसऱ्याने पळायचं. हे एकदा मुलाच्या पायात उतरलं की अर्धा फुटबॉल आला. चांगल्या पासचं निम्मं श्रेय तो देणाऱ्याचं नसतंच, आधीच जाऊन मोकळ्या जागी उभा राहिलेल्याचं असतं. म्हणून ओरडायचंच असेल तर चेंडूवाल्याच्या नावाने ओरडू नका, त्या तिसऱ्याकडे बघा.

हे मराठी माणसाला समजावून सांगायला खरं म्हणजे फुटबॉलची गरजच नाही. खो-खो आठवा. पळणाऱ्या पाठलागकर्त्याला एकदा धरलेली दिशा बदलता येत नाही, बसलेल्यांच्या मधून पलीकडे जाता येत नाही. मग गडी पलीकडच्या बाजूला गेला तर करायचं काय? खो द्यायचा. बसलेले आळीपाळीने विरुद्ध तोंडाने बसलेत ते त्यासाठीच. मला जाता येत नाही तिथे तुझं तोंड आहे, तर तू उठ. पास म्हणजे नेमकं हेच. खो-खोत कोणी कोणाला "खो दे, स्वार्थी होऊ नकोस" असं शिकवत नाही. खेळाचा नियमच असा आहे की खो दिल्याशिवाय गडी बाद होत नाही. ज्याने कोणी हा नियम बसवला तो मोठा शिक्षक होता.

तोरीकागोत दोन पथ्यं मात्र पाळावी लागतात. एक, राज्य वेळेवर बदलायचं. अर्ध्या मिनिटाने शिट्टी, दुसरा आत. नाहीतर जो कच्चा आहे तोच अख्खा तास मध्ये धापा टाकतो आणि पुढच्या रविवारी त्याचं पोट दुखतं. दुसरं, शिकवणाऱ्याने बोलायचे शब्द मोजून ठेवायचे. आमचे तीन आहेत: मान, अंग, लांबचा पाय.

मान म्हणजे चेंडू यायच्या आधी मान वळवून मागे काय आहे ते बघणं. जपानी प्रशिक्षक याला 'कुबी ओ फुरे' म्हणतात, शब्दशः 'मान हलव'. चेंडू पायाशी आल्यावर बघणं हे परीक्षेचा पेपर हातात पडल्यावर पुस्तक उघडण्यासारखं आहे. इथे भाषेची एक मजा सांगतो. मागून कोणी येत असेल तर जपानी मुलं 'उशिरो!' ओरडतात. उशिरो म्हणजे मागे. आमच्या मराठी पोरांना ते 'उशीर' असं ऐकू येतं, आणि अर्थाच्या दृष्टीने त्यात काही चूक नाही! 'उशिरो' ऐकून जो मान वळवतो त्याला उशीर झालेलाच असतो.

अंग म्हणजे उभं राहण्याची पद्धत. चेंडूकडे छाती करून ठोंब्यासारखं उभं राहिलं तर आलेला चेंडू आल्या वाटेनेच परत जातो. थोडं तिरकं उभं राहिलं तर चेंडूही दिसतो आणि पलीकडचा अर्धा चौकोनही. लांबचा पाय म्हणजे चेंडू येतो आहे त्या बाजूच्या पायाने न थांबवता पलीकडच्या पायाने घ्यायचा. मग पहिल्याच स्पर्शात तो पुढच्या वाटेला लागतो. आणि पास देणाऱ्यानेही पलीकडच्या पायावर द्यायचा. पास हा एक निरोप असतो. लांबच्या पायावर दिला तर निरोप असा, की तू मोकळा आहेस, वळ. जवळच्या पायावर दिला तर निरोप असा, की मागे कोणी आहे, मला परत दे. हे कळायला लागल्यावर मुलं तोंडाने कमी आणि चेंडूने जास्त बोलायला लागतात.

पण तोरीकागोचंही खूळ होऊ नये. त्यात गोल नाही, दिशा नाही. तासभर तेच केलं तर सुबक पास देणारी पण कुठेही न पोचणारी मुलं तयार होतात. म्हणून पंधरा-वीस मिनिटांनंतर आम्ही चार विरुद्ध चार खेळवतो आणि एकेका संघाला दोन-दोन छोटे गोल देतो, दोन्ही कोपऱ्यांच्या जवळ, शंकूंचे, दोन पावलं रुंद, गोलकीपर नाही. आता बघा काय होतं. एका गोलापुढे गर्दी झाली की दुसरा आपोआप रिकामा पडतो. गर्दीत घुसणाऱ्याला गोल मिळत नाही. थांबून, मागे पास देऊन, दुसऱ्या बाजूला चेंडू नेणाऱ्याला मिळतो. 'मागे दिलेला पास म्हणजे माघार' ही कडेला उभ्या असलेल्या पालकांची पक्की समजूत असते. दोन गोलांच्या खेळात मुलं ती दहा मिनिटांत स्वतःच मोडून काढतात. ताबा ठेवायचा तो ताब्यासाठी नव्हे, दार उघडेपर्यंत किल्ली हातातून जाऊ नये म्हणून.

इथे एक इशारा. पास वाढवण्यासाठी लोक कृत्रिम नियम घालतात, ते दिसतात छान पण खेळ नासवतात. 'पाच पास झाल्याशिवाय गोल धरणार नाही' हा त्यातला सर्वांत लाडका. तो लावल्यावर दोन मुलं हातभर अंतरावर उभी राहून चेंडू इकडून तिकडे टोलवत 'इची, नी, सान, शी, गो' असं मोजतात आणि समोर गोल ओसाड पडलेला असतो. मुलं नियम पाळायला शिकतात, खेळायला नाही. दुसरा नियम 'दोनच स्पर्श'. मोठ्यांना ठीक, पण सात वर्षांच्या मुलाचा पहिला स्पर्शच अजून हातभर लांब जातो, तो दुसऱ्यात काय करणार? तिसरा, सर्वांत भला वाटणारा नियम: 'प्रत्येकाला एकदा तरी पास द्यायचाच'. ही झाली भिक्षा. घेणाऱ्याला ती कळते, आणि देणारा ती एकदाची देऊन मोकळा होतो.

त्यापेक्षा संख्या बदला. तीन विरुद्ध तीन आणि एक जादा गडी, ज्याला इथे 'फ्रीमन' म्हणतात. ज्या संघाकडे चेंडू, त्या संघाकडून हा खेळणार. म्हणजे चेंडू असलेल्यांची संख्या नेहमी चार आणि नसलेल्यांची तीन. या जादा माणसाला शोधणं दोन्ही संघांच्या फायद्याचं असतं. आणि आम्ही या जागी सर्वांत पटाईत मुलाला न घालता नव्याने आलेल्याला घालतो. का, ते सांगतो, कारण माझ्या लेखी सगळ्या खटाटोपातला हाच भाग खरा महत्त्वाचा आहे.

आमच्या ओळखीतलं एक कुटुंब सांगलीकडून इथे आलं. मुलगा नऊ वर्षांचा, पायात चपळ, जपानीचा एक शब्द येत नाही. आई-बाबांनी हौसेने एका मुलांच्या संघात घातला. तिथे आठ-आठ जणांचा सामना. पोरगा कडेला उभा. चेंडू येईना. त्या संघातली मुलं वाईट होती असं मुळीच नाही. पण धावपळीत प्रत्येकजण ज्याला नावाने हाक मारता येते त्यालाच चेंडू देतो. ज्याची हाक आपल्याला कळत नाही तो मैदानावर असून नसल्यासारखा. महिनाभराने त्याने "मला नाही जायचं" म्हणून सांगितलं. बाबांनी निष्कर्ष काढला: याला फुटबॉलची आवड नाही. आवड! जेवायला बसवून ताटात काही वाढायचं नाही आणि मग म्हणायचं की याला भूक नाही!

आमच्याकडे आल्यावर तो तोरीकागोच्या चौकोनात उभा राहिला. तिघांत तिसऱ्याला टाळता येत नाही. त्याला चेंडू दिला नाही तर चेंडू जातो आणि देणाऱ्यावर राज्य येतं. मग दोन रविवार तो फ्रीमन होता. त्याला चेंडू मिळत होता तो कोणाच्या दयेने नव्हे, उपयोगाचा होता म्हणून. 'मिगी' उजवीकडे, 'हिदारी' डावीकडे, 'माए' पुढे, 'उशिरो' मागे, हे चार शब्द तो पहिल्याच दिवशी शिकला, कारण ते शब्द आणि त्यांचा अर्थ एकाच क्षणी पायाशी येत होते. पुढे तो मोठा खेळाडू झाला वगैरे काही सांगणार नाही, तसं काही झालेलं नाही. तो दर रविवारी येतो आणि ओरडतो, एवढंच. परदेशी बदलीवर आलेल्या घरातल्या मुलाला एवढं मिळणं फार मोठी गोष्ट आहे. यातली अर्धी मुलं तीन-चार वर्षांत परत जाणार किंवा आणखी तिसऱ्याच देशात जाणार. तिथल्या मैदानावर उतरल्यावर पुन्हा भाषा येणार नाही, पण मोकळ्या कोपऱ्यात कसं जाऊन उभं राहायचं ते येत असेल.

आता आक्षेप. पहिला: "हा खरा फुटबॉल नव्हे, मॅच कधी?" मॅच रोजच. शेवटची वीस मिनिटं कसलाही नियम न लावता मोकळा सामना असतो, आणि तेव्हा आम्ही तिघेही तोंडाला कुलूप लावतो. शिवाय 'खरा' म्हणजे काय? जपानच्या फुटबॉल संघटनेने २०११ साली बारा वर्षांखालच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच अकराऐवजी आठ जणांची करून टाकली. गोल लहान, बदली खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर, पंच एकच. हेतू हाच, की प्रत्येक मुलाच्या पायाला चेंडू लागावा. ज्या देशाचा संघ २०२६ च्या विश्वचषकासाठी यजमान सोडून सर्वांत आधी, मार्च २०२५ मध्येच, पात्र ठरला, त्या देशाला मुलांचा खेळ लहान करण्यात कमीपणा वाटला नाही.

आणि हा देश कायम पुढे होता असंही नाही, बरं का. १९६२ च्या जाकार्ता आशियाई खेळांत आपण जपानला २-० ने हरवलं होतं आणि सुवर्णपदकही आणलं होतं. त्याच सुमारास, १९६० मध्ये, जपान्यांनी देटमार क्रामर नावाचा जर्मन प्रशिक्षक बोलावला. त्याने राष्ट्रीय संघातल्या दाढी-मिशांच्या खेळाडूंना चेंडू नीट थांबवणं आणि पायाच्या आतल्या बाजूने नीट देणं इथपासून सुरुवात करायला लावली. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये जपानने अर्जेंटिनाला हरवलं, १९६८ ला मेक्सिकोत कांस्यपदक घेतलं. पुढे १९९२ मध्ये हान्स ओफ्त हा डच प्रशिक्षक आला, त्याने 'आय कॉन्टॅक्ट' आणि 'ट्रँगल' हे शब्द जपानी फुटबॉलच्या तोंडी रुळवले, आणि त्याच वर्षी जपान पहिल्यांदा आशियाई विजेता झाला. डोळ्याला डोळा आणि त्रिकोण. आमच्या तोरीकागोत याहून वेगळं काय आहे? नुसत्या पासांनी देश उभा राहिला असं मी म्हणणार नाही. १९६५ ची लीग, १९९३ ची व्यावसायिक जे-लीग, शाळांचे क्लब, पैसा, हे सगळं आहेच. पण पाया घालताना त्यांना लाज वाटली नाही, हे शिकण्यासारखं.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूने येतो, आणि तो जास्त वजनदार आहे: "सगळ्यांना पास-पास शिकवून तुम्ही मुलांतला हुन्नर मारताय. ड्रिब्लिंग कोण करणार?" मला हा मान्य आहे. ताब्याची पूजा मलाही नको. १ डिसेंबर २०२२ ला कतारमध्ये जपानने स्पेनला २-१ ने हरवलं तेव्हा जपानकडे चेंडू खेळाच्या २० टक्क्यांहूनही कमी वेळ होता. ताबा स्पेनचा, सामना जपानचा! त्या सामन्यात दुसऱ्या गोलासाठी चेंडू अगदी रेषेवरून परत आत ओढणारा मितोमा हा आजच्या नावाजलेल्या ड्रिब्लरांपैकी. त्याने त्सुकुबा विद्यापीठात ड्रिब्लिंगवरच प्रबंध लिहिला. त्यासाठी सोबत्यांच्या डोक्यावर कॅमेरे बांधून कोण कुठे बघतो ते तपासलं. म्हणजे ड्रिब्लिंगच्या मुळाशीही शेवटी नजरच निघाली. म्हणूनच सात-आठ वर्षांच्या मुलाने दोघांना चकवून गोल केला तर आम्ही टाळ्या वाजवतो, पास न दिल्याबद्दल बोल लावत नाही. मान वर ठेवून, मोकळा सोबती दिसत असतानाही 'मी जातो' असं ठरवणं हा निर्णय आहे. मान खाली घालून घुसणं हा निर्णय नाही. आम्हाला फरक एवढाच शिकवायचा आहे.

जपान्यांची आरती ओवाळायचाही माझा विचार नाही. इथेही कडेला उभा असलेला प्रशिक्षक लाल होऊन "कांगाएरो!" म्हणून ओरडताना दिसतो. कांगाएरो म्हणजे 'विचार कर!' स्वतंत्र विचार करण्याचा हुकूम सोडणं हा विनोद फक्त शिक्षकांनाच जमतो, मग ते तोक्योतले असोत नाहीतर ठाण्यातले.

शेवटी आपल्या मुलखाकडे. कोल्हापुरात तालमींच्या नावाने संघ आहेत आणि त्यांच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरतं. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांचा फुटबॉल उभा केला, आणि तिथून खेळाडू बेघरांच्या विश्वचषकापर्यंत गेले. ती स्पर्धा चार-चार जणांची असते, हे मुद्दाम सांगतो. म्हणजे वेड आपल्याकडे आहे, उदाहरणंही आहेत. नाही ती शाळेच्या खेळाच्या तासाला मांडणी. चाळीस मुलं, एक चेंडू, त्यामागे धावणारी वीस आणि कुंपणाशी बसलेली वीस, हे चित्र अजून बहुतेक शाळांत आहे. त्याच पटांगणात पाच-पाच मुलांचे आठ चौकोन आखता येतात: तीन बाहेर, एक आत, एक मोजायला, आणि दर मिनिटाला अदलाबदल. शंकू नसतील तर चपला आहेत, विटा आहेत. चेंडू मात्र आठ लागतील. चांगला कातडी एक घेण्याऐवजी साधे आठ घ्या. मुलांच्या संघाला ढाल मिळेल की नाही ते माहीत नाही, पण कुंपणाशी बसलेली वीस मुलं उठतील.

आणि कडेला उभ्या असलेल्या आई-बापांना एक काम. येत्या रविवारी ओरडू नका. खिशात कागद-पेन्सिल ठेवा आणि दहा मिनिटं आपल्या मुलाऐवजी मैदानावरचं सर्वांत गप्प मूल निवडा. चेंडू त्याच्या पायाला किती वेळा लागला तेवढं मोजा. आकडा तीनच्या खाली आला तर मुलाला काही सांगू नका. शिकवणाऱ्याला जाऊन सांगा, की मैदान लहान करा.